दाराची गाठ, खिडकीची गाठ

काकूंनी आयुष्यात पतंग कधी उडवला नाही. पण त्यांच्या हाताखालून गेलेला पतंग वाकडा उडतो असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. आणि त्या आठवड्यात लाल पतंग वाकडा उडत होता. ते म्हणणारं माणूसही परकं नव्हतं. त्यांचेच यजमान होते.

हा पतंग म्हणजे कागदाचा आणि काड्यांचा नव्हे. उशीचे अभ्रे एकाला एक लावून शिवावेत तशी पातळ नायलॉनची रांग असते. पुढची तोंडं उघडी असतात, त्यातून वारा आत शिरतो आणि कापड फुगून त्याचा पंख होतो. काठी नाही, शेपूट नाही. मोठा असेल आणि वारा चांगला असेल तर तो उभ्या माणसाला फरफटत नेतो. लोक त्याच्या जोरावर चाकांच्या गाडीत बसून मैदानभर फिरतात. त्याच्या पोटाला बारीक दोऱ्यांचं जाळं असतं. दोन दोऱ्यांची एक होते, त्यांची पुढे आणखी एक, असं करत सगळ्या दोऱ्या डाव्या-उजव्या टोकांशी येऊन मिळतात. या जाळ्याला काकू साध्या पतंगासारखंच कणी म्हणत. कणीच्या प्रत्येक टोकाला एक जाड आखूड दोरी, तिच्यावर ओळीने गाठी. उडवणाऱ्याच्या दोन हातांत दोन दांडे असतात, त्यांना मुठी म्हणायचं; मुठीतून आलेली लांब दोरी यांतल्या एका गाठीला अडकवायची. बाहेरच्या गाठीला अडकवली की ती बाजू लांब होते, आतल्या गाठीला अडकवली की आखूड. एक गाठ बाहेर सरकायचं म्हणजे त्यांच्या भाषेत एक गाठ सोडायची. काकूंचं निम्मं काम या गाठींवर होतं.

काकू मूळच्या सीट कव्हरं शिवणाऱ्या. लग्नाआधी गाड्यांच्या कव्हरांच्या कारखान्यात त्या शिलाईला होत्या आणि काका कटिंगला. काका कापड हात राखून कापायचे आणि काकू ते शिवताना कटिंगवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. शेवटी सुपरवायझरने दोघांना समोरासमोर बसवलं, म्हणजे जे काय बोलायचं ते तोंडावर बोला. त्यातून पुढे लग्न झालं. सुपरवायझर म्हणायचा, मी भांडण मिटवायला बसवलं होतं, यांनी कायमचं करून घेतलं.

पुढे काकू घरीच कव्हरं शिवू लागल्या आणि पहिला पतंग त्यांच्याकडे आला तो कव्हर समजूनच. एक माणूस फाटक्या नायलॉनचं बोचकं घेऊन दुकानोदुकान फिरत होता. बारीक कापड, सुई घातली की उसवतं, म्हणून कुणी हात लावेना. काकूंनी ठेवून घेतलं. पतंगाची एक बाजू शाबूत होती आणि दुसरीच्या दोऱ्या तुटून गुंता झाला होता. काकूंनी शाबूत बाजूची दोरी न् दोरी मोजली, तशीच दुसऱ्या बाजूला बांधली, आणि तो उडाला. माणूस परत आला तो आणखी चार जणांना घेऊन. पुढे वाळूच्या मैदानावर पतंग उडवायला शिकवणारे मास्तर, ज्यांना त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीमुळे सगळे शिट्टीच म्हणत, तेही आपल्या शाळेचे सगळे पतंग काकूंकडेच टाकू लागले.

कामाची वाटणी ठरलेली होती. खोली काकूंची, मैदान काकांचं. काकूंनी दुरुस्त केलेला पतंग काका मैदानावर नेऊन उडवून बघायचे, परत आणून टेबलावर टाकायचे, काय करायचं ते एका वाक्यात सांगायचे आणि दुसरा पतंग उचलून चालू लागायचे. गाठींना त्यांनी हात लावायचा नाही. एकदा त्यांनी मैदानावरच परस्पर सुधारणा केली होती आणि त्यानंतर घरात दोन दिवस फक्त भांडीच बोलत होती.

चुका बहुतेक ठरावीक असत. पुढच्या दोऱ्या सगळी ओढ सोसतात, म्हणून ताणून ताणून लांबतात. मागच्या कडेच्या, पतंग थांबवायच्या ब्रेकच्या दोऱ्या तशाच राहतात. मग काही महिन्यांनी कुणी न ओढताही ब्रेक लागलेलाच राहतो आणि पतंग वर जायच्या ऐवजी मागे मागे जाऊन बसकण मारतो. त्यासाठी काकू अंगणातल्या खुंटीला दोऱ्या अडकवत, दुसऱ्या टोकाने सगळ्या एकदम ताणत, आणि लांबी जुळवून मागच्या दोऱ्या सैल करत. दुसरी तऱ्हा म्हणजे एक बाजू आखूड होण्याची. पतंग ओला तसाच गुंडाळून ठेवला, वाळू राहिली, की कणीच्या दोऱ्या आकसतात. त्या एकाच बाजूच्या आकसल्या तर पतंग त्या बाजूला ओढतो.

आता बाजू म्हणजे कुठली, हा प्रश्न आला. डावी-उजवी म्हणून भागत नव्हतं. काका मुठी धरून पतंगाकडे तोंड करून उभे राहत, तेव्हा त्यांची डावी ती डावी. काकू पतंगाच्या पाठीवर शिवण घालत बसत, तेव्हा तीच उजवी व्हायची. सुरुवातीला यावरून इतके घोळ झाले की काकूंनी डावं-उजवं घरातून हद्दपार केलं. पतंग खोलीतल्या बांबूला चिमट्यांनी टांगलेला असायचा. त्याचं एक टोक दाराकडे, दुसरं खिडकीकडे. मग दाराची बाजू आणि खिडकीची बाजू. मुठींचंही तेच. काका मैदानाच्या मध्यात उभे राहून म्हणायचे, दाराकडे ओढतोय. नव्या माणसाला वाटायचं, कुठलं दार? पण त्या दोघांना कधी चूक झाली नाही. मुलगी लहान असताना रस्त्याने चालताना म्हणायची, आई, दाराकडून सायकल येतेय.

त्या वर्षी त्यांनी जागा बदलली. जुन्या इमारतीचे जिने काकांना जड जात होते. गेल्या वर्षी ते माळ्यावरून सामान काढताना स्टुलावरून पडले होते आणि उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. नवी जागा तळमजल्यावर, मैदानाच्या अगदी मागे. बांबू टांगला, टेबल लावलं, मशिनला उजेड मिळाला. काकूंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही तेवढ्यात उरकून घेतलं. सगळं मार्गी लागलं असं दोघांना वाटलं.

मुलगी परगावच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. बाबांच्या खांद्याचे व्यायाम तिनेच बसवले होते. मोठे पतंग उडवायला तिचा साफ विरोध होता, कारण ती ओढ एका झटक्यात शिवलेला खांदा उसवू शकते. बरीच वादावादी झाली. शेवटी काकांनीच तिला शब्द दिला की ज्या दिवशी माझ्या हातात पतंग एका बाजूला जाईल, त्या दिवशी एक हात कमी पडतोय असं समजेन आणि मुठी आपणहून खाली ठेवीन. तुला सांगावं लागणार नाही. मुलगी म्हणाली, बघू. मुठी खाली ठेवलेला नवरा दिवसभर घरात काय करणार, याचं चित्र काकूंच्या डोळ्यांसमोर होतं. तो बाकीचं सगळं करील, जेवेल, झोपेल, पेपर वाचील, पण वारा सुटला की खिडकीशी जाऊन उभा राहील. ते त्यांना बघवणार नव्हतं.

नव्या जागेत आलेले पहिले काही पतंग फक्त ब्रेकच्या तक्रारीचे होते. दोन्ही बाजूंना सारखंच काम, त्यामुळे काही कळलं नाही. मग शिट्टींचा लाल पतंग आला. शाळेतला सगळ्यांत मोठा. पोरांनी तो ओलाच पिशवीत कोंबला होता. काकूंनी वाळू झटकली, दोऱ्या धुतल्या, वाळवल्या. काका उडवून आले आणि म्हणाले, दाराकडे ओढतोय, दाराची एक गाठ सोड. काकूंनी दाराची एक गाठ सोडली. काका दुसऱ्या दिवशी उडवून आले. म्हणाले, अजून दाराकडेच जातोय. अजून एक सोड.

काकूंनी आणखी एक सोडली. आपण कुठल्या बाजूला काम केलं याची खूण म्हणून त्या टोकाला पिवळी चिंधी बांधायची त्यांची सवय होती, ती बांधली. गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. काम चोख होतं. मग गाठ सोडूनही पतंग दाराकडेच कसा गेला?

काकूंच्या मनात जे आलं ते त्यांनी तिथेच दाबून टाकलं, पण ते दबेना. दाराची बाजू म्हणजे काकांचा डावा हात, हे इतक्या वर्षांचं पाठ होतं. पतंग डावीकडे जातो म्हणजे उजवा हात पुरेसा ओढत नाही. खांदा.

संध्याकाळी त्यांनी पाण्याच्या दोन बादल्या काठोकाठ भरल्या आणि काकांना म्हणाल्या की एवढ्या मागच्या दाराशी नेऊन ठेवा. काकांनी दोन हातांत दोन बादल्या उचलल्या आणि नेल्या. काकू मागून बघत होत्या की कुठली हिंदकळते. एकही हिंदकळली नाही. काका परत येऊन म्हणाले, धुवायचं काय आहे एवढं? काकू म्हणाल्या, पायपुसणी. मग खरंच बसून पायपुसणी धुवावी लागली.

पण बादली उचलणं वेगळं आणि ओढ सोसणं वेगळं, असं त्यांनी मनाशी धरलं आणि संशय काही गेला नाही.

काकांचं वागणंही बिघडलं होतं. एका सकाळी चांगल्या शर्टाचं बटण हातात घेऊन आले, म्हणाले आत्ताच्या आत्ता लावून दे, आणि काकू सुईत दोरा ओवत असताना अगदी वाकून बघत उभे राहिले. दोरा पहिल्या फटक्यात ओवला गेला. काकांनी नुसतं हं केलं. दुपारी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवायला लावली. काकूंना वाटलं, मुठी ठेवायच्या विचाराने यांचं डोकं ठिकाणावर नाही.

रविवारी मुलगी येणार होती. शनिवारी सकाळी काका बूट घालताना खाली मान घालूनच म्हणाले, "आज शेवटचं बघतो. आजही दाराकडे गेला तर मुठी शिट्टीकडे देऊन येतो. तिला काय सांगायचं ते मी सांगेन."

ते पतंगाचं बोचकं खांद्याला लावून निघाले. काकू मशिनवर बसल्या, एक शिवण घातली, ती वाकडी गेली. त्यांनी मशिनवर कव्हर घातलं, डोळ्यांना वारा लागू नये म्हणून दिलेला काळा चष्मा चढवला आणि मागच्या दाराने मैदानावर गेल्या.

काकूंना मैदानावर बघून शिट्टींनी हातातला चहा खाली ठेवला. त्यांना वाटलं कुणी आजारी आहे. काकूंनी हातानेच सांगितलं, चालू द्या तुमचं. लाल पतंग जमिनीवर पसरला होता, मागच्या कडेवर वाळूच्या पिशव्या. काका दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला मुठी धरून उभे होते. काकू त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, थोड्या अंतरावर, आणि पतंगाकडे न बघता खांद्याकडे बघू लागल्या.

काकांनी मुठी ओढल्या. पतंग फुगला, डोक्यावर चढला आणि लगेच डावीकडे झुकला. काकांचे पाय वाळूत रुतले. आणि काकूंना दिसलं की उजवा खांदा काम चुकवत नाहीये. उलट तोच जास्त ओढतोय, पतंगाला सरळ आणायला पाठीचा सगळा भार त्याच्यावर टाकलाय.

"बघ," काका दात आवळून म्हणाले. "दाराकडे."

काकूंनी तेव्हा कुठे वर बघितलं. पतंग डावीकडे झुकला होता आणि त्याच्या उजव्या टोकाला पिवळी चिंधी फडफडत होती.

"दाराकडे कुठे?" काकू म्हणाल्या. "दार तर ते." आणि त्यांनी चिंधीकडे बोट केलं.

"दार डावीकडे असतं."

"कुणाच्या घरात?"

"आपल्या," काका म्हणाले, आणि तेवढं बोलून थांबले. मुठीवरचं त्यांचं लक्ष उडालं. पतंग तिरका होत खाली आला आणि वाळूवर सपाट आदळला.

जुन्या खोलीत टेबलाशी उभं राहिलं की दार डाव्या हाताला होतं, खिडकी उजव्या. नव्या खोलीत दार उजव्या हाताला. काका डाव्या हाताला दार म्हणत आले होते, मैदानात दार नसलं तरी. काकू मात्र खोलीत होत्या. त्यांना समोर खरंखुरं दार दिसत होतं, आणि दाराची गाठ म्हटलं की त्या दाराकडची गाठ सोडत होत्या. डावी बाजू आखूड होती आणि त्या उजवी लांबवत चालल्या होत्या. पतंग दर खेपेला जास्तच बिघडत होता.

"तुम्ही गाठी बघितल्या का नाहीत?" काकूंनी विचारलं. "एकदा बघितलं असतं तर कळलं असतं."

काका वाळूकडे बघत म्हणाले, "तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी गाठी तपासायला लागलो असतो तर तुला काय वाटलं असतं?"

"म्हणून बटण होय?"

"आणि तुझ्या त्या बादल्या?"

शिट्टी धावत आले, काय झालं म्हणून विचारू लागले. काका म्हणाले, काही नाही, आम्ही घर बदललं. शिट्टी म्हणाले, ते माहितीये, सामान उचलायला मीच होतो. दोघं का हसतायत ते त्यांना कळलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

काकूंनी तिथेच वाळूत मांडी घातली. उजवीकडच्या दोन्ही गाठी जागच्या जागी आणल्या, डावीकडची एक सोडली. काकांनी पतंग पुन्हा उठवला. तो सरळ वर गेला, डोक्यावर स्थिर राहिला, काकांनी नेला तसा या टोकापासून त्या टोकाला गेला आणि परत मध्यात आला. काकू घरी जायला वळल्या, कारण आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पण त्या जराशाच पुढे गेल्या असतील, तोच पतंग खाली उतरताना दिसला. पडला नव्हता; काकांनीच नीट उतरवून ठेवला होता. ते मुठी जमिनीत रोवून उजवा हात डाव्या हाताने धरून उभे होते. काकू परत आल्या.

"सरळ आहे," काका म्हणाले. "पण खांदा थकतो. आधी तासन् तास उडवायचो, थकत नव्हता."

तसं बघितलं तर शब्द मोडलेला नव्हता. पतंग एका बाजूला गेला नव्हता. मुलीला फक्त एवढंच सांगितलं असतं तर तिला काही बोलायला जागा नव्हती, आणि काकूंना क्षणभर तसंच वाटलं की एवढंच सांगावं. त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, जे आहे ते सांगू.

रविवारी जेवणं झाल्यावर सांगितलं. दाराची गोष्ट ऐकून मुलगी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. थकण्याची गोष्ट ऐकून हसायची थांबली. तिने बाबांचा हात पुढे, बाजूला, वर असा फिरवून बघितला, कुठे दुखतं ते विचारलं. मग म्हणाली, मोठे पतंग बंद. लहान चालतील, मध्ये थांबून. मोठे शिट्टीकाकांनी उडवायचे आणि बाबांनी शेजारी उभं राहून बघायचं. काका म्हणाले की बघून काय कळतं, ओढ हातात कळते. मुलगी म्हणाली, इतकी वर्षं हातात कळत होती तरी दार कुठलं ते कळलं नाही. काकूंनी मध्येच बडीशेपेची डबी पुढे केली.

राहिला प्रश्न शब्दांचा. शिट्टी मुठी धरणार म्हणजे त्यांना दार-खिडकी कळणार नाही, आणि डावं-उजवं काकू घरात घेणार नव्हत्या. मुलीनेच सुचवलं की तोंडाने काही बोलूच नका, ज्या बाजूची गाठ सोडायची तो हात वर करा. काकांना ते शाळेतल्यासारखं वाटलं, पण दुसरं काही सुचलं नाही.

सोमवारी वारा बरा होता. शिट्टींनी निळा मोठा पतंग उडवला, काका शेजारी हात मागे बांधून उभे राहिले आणि शिट्टी जरा वाकडे उभे राहिले तरी त्यांना टोकत राहिले. मग बोचकं घेऊन घरी आले, काकूंच्या टेबलावर टाकलं आणि सवयीने म्हणाले, "खिडकीची एक..."

काकू शिवण सोडून नुसत्या बघत राहिल्या.

काका थांबले. त्यांनी उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत सहज गेला, तिथे जरा अडला, मग कानापर्यंत गेला. काकूंनी तो पूर्ण वर जाऊ दिला. तेवढाच खांद्याला व्यायाम म्हणून लगेच मान डोलावली नाही. मग उठून उजवीकडची गाठ सोडली.